ओट्यावरची पणती आणि जावेकडचे टाक

पत्र :

मी ४४ वर्षांची. डोंबिवलीत राहते, मुंबईत एका ऑफिसात हिशेबाचं काम करते. सहा वर्षांपूर्वीपर्यंत एका सत्संगाला नेमानं जायचे. दुसऱ्यांदा दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात बाळ गेलं, तेव्हा तिथल्या मुख्य बाईंनी चारचौघींत सांगितलं, "तुझी सेवा कमी पडली." त्या दिवशी उठले ती परत गेले नाही. देवळातही जात नाही. पण देव सुटला नाही. पहाटे साडेपाचला दूध तापत ठेवते, ओट्याच्या कोपऱ्यात पणती लावते आणि दूध वर येईपर्यंत त्याच्याशी बोलते. मूर्ती नाही, फोटो नाही. माझा देव मला कधी रागवत नाही, काही मागत नाही. घराच्या वाटणीवरून मोठ्या जावेशी चार वर्षं बोलणं नाही, तेसुद्धा त्यालाच सांगते, मग मन हलकं होतं.

आता सासरे गेले. जुन्नरकडच्या घरात खंडोबाचे टाक, म्हणजे देव्हाऱ्यातले देवाचं रूप उमटवलेले छोटे पत्रे, आहेत. जाऊबाई लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे २६ वर्षं, त्यांचं सगळं करत आल्या. आता त्यांचे गुडघे गेलेत. भावजींचा निरोप आला, की टाक तुम्ही न्या आणि चालत आलंय तसंच चालवा, नाहीतर घराला भोवेल. मुलगी म्हणते, "आई, तू धड आस्तिक नाहीस, धड नास्तिक नाहीस, तुझं सगळं सोयीचं." ती बारावी झाली, प्रवेशाच्या अर्जात धर्माचा रकाना कोरा सोडू का, असं विचारते. माझं जे चाललंय त्याला धर्म म्हणायचं का? की मी स्वतःच्या समाधानासाठी काहीतरी रचून ठेवलंय? आणि त्या टाकांचं काय करू?

– एक वाचक, डोंबिवली

उत्तर :

ताई, आधी सत्संगातल्या त्या वाक्याबद्दल बोलू. तुम्ही ते एका ओळीत उरकून पुढे गेलात, मला तसं जाता येत नाही. पाचव्या महिन्यात मूल जातं ते गर्भाशयाचं तोंड अशक्त असल्यामुळे, संसर्गामुळे, वारेच्या तक्रारीमुळे, गर्भातच काही दोष असल्यामुळे. कित्येकदा डॉक्टरांनाही नेमकं कारण सापडत नाही. किती पारायणं झाली, किती माळा ओढल्या, याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. त्या बाईंना हे ठाऊक नसेल तर त्यांनी गप्प बसायला हवं होतं, आणि ठाऊक असेल तर त्यांनी जे केलं त्याला क्षमा नाही. तुम्ही उठून आलात, बरं केलंत. लेकरू गेलेल्या बाईला जिथे रडायलाही जागा मिळत नाही, तिथे देवाचं नाव चालू असलं तरी बसू नये.

आता तुमचा प्रश्न. याला धर्म म्हणायचं का? माझं उत्तर हो आहे, आणि तुमची समजूत काढायची म्हणून मी हो म्हणत नाही.

सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात अरण नावाचं गाव आहे. सावता माळी तिथले, नामदेव-ज्ञानेश्वरांच्या काळातले. पंढरपूर तिथून काही फार लांब नाही, तरी सावतोबा वारीला गेले नाहीत, मळ्यातलं काम सोडून देव भेटायला कुठे जायचं, असं त्यांचं म्हणणं होतं, हे परंपराच सांगते. कांदा, मुळा, भाजी यांतच त्यांना विठाई दिसली. आणि वारकऱ्यांनी त्यांना त्यासाठी वाळीत टाकलं नाही, उलट संतांच्या मांदियाळीत बसवलं. बाकीच्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात, सावतोबांकडे मात्र पांडुरंगाची पालखी अरणला येते. आपल्याकडच्या धर्मात ओट्याला, मळ्याला, जात्याला ही जागा पहिल्यापासून आहे. जनाबाईंचा विठोबा दळणकांडणातच भेटला. दूध वर येईपर्यंतची तुमची वेळ त्यांच्याच गोतातली आहे.

एक गोष्ट मात्र यात मिसळू नका. देवळाबाहेर राहणं प्रत्येकानं निवडलेलं नव्हतं. चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर आहे, कारण आत त्यांना जागाच नव्हती. ते दार दलितांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावं लागलं. तुम्ही आणि मी देवळात जात नाही, ही आपली मोकळीक आहे. ज्यांना जाऊच दिलं नाही, त्यांनी ओट्यावर किंवा उंबऱ्यावर जपलेल्या देवाची किंमत फार वेगळी होती. हे आठवलं की "मला देवळाची गरज नाही" हे वाक्य माझ्या तोंडून जरा हळू आवाजात येतं.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य. "माझा देव मला कधी रागवत नाही, काही मागत नाही." इथे मी पत्र खाली ठेवलं आणि उठून चहा करून आले.

सत्संगातला तो देव सारखा रागवायचा, सारखा हिशेब मागायचा, हे मला समजतं. त्या माराच्या खुणा अजून ओल्या असताना कधीच न रागवणारा देव जवळ असावा, यात वावगं काही नाही. पहिली काही वर्षं तोच लागतो. पण आता सहा वर्षं झाली. तुम्ही त्याला जावेबद्दल सांगता, तो ऐकतो, तुमचं मन हलकं होतं, दूध वर येतं, तुम्ही गॅस बंद करता. यावर तो काय म्हणतो, ते पत्रात कुठेच नाही. चार वर्षांत एकदाही "अगं, तिचंही काही म्हणणं असेल" एवढं त्याच्याकडून आलं नसेल, तर मला काळजी वाटते. आपलंच गाऱ्हाणं आपल्याच आवाजात परत ऐकू आलं, तर त्यानंही मन हलकं होतं. तुमचा देव खोटा आहे असं मी म्हणत नाही. तुम्ही त्याला बोलू देत नाही आहात, असं मात्र मला वाटतं.

एकट्याच्या धर्माची खरी अडचण हीच आहे, आणि मी स्वतः तसाच धर्म पाळणारी असल्यामुळे मला ती चांगली माहीत आहे. सत्संगात, देवळात, मशिदीत, चर्चमध्ये, विहारात शंभर दोष असतील, पण तिथे दुसरी माणसं असतात. त्यांतलं एखादं आपल्याला आवडत नाही, एखादं आपली चूक दाखवतं, एखादं आपण न बोलावता दारात येतं. ओट्याजवळ आपण एकटेच असतो.

सावतोबांकडे पुन्हा वळून बघा. ते पंढरपूरला गेले नाहीत, पण त्यांचे अभंग आपल्यापर्यंत पोचले कसे? काशीबा गुरव नावाचा त्यांचा एक सोबती होता, त्यानं ते लिहून ठेवले. मळ्यातल्या त्या एकट्या माणसाजवळ ऐकणारं, टिपून घेणारं एक माणूस होतं. माझ्या मते तेवढं प्रत्येकाला लागतं.

माझ्या आईचं सांगते. ती ना देवळात जाणारी, ना उपासतापास करणारी. तिचं देवाशी जे काय असेल ते मोरीत भांडी घासताना चालायचं, पुटपुटत. माझा धाकटा भाऊ १९ वर्षांचा असताना विहिरीत बुडून गेला. त्यानंतर ते पुटपुटणं थांबलं. मोरीतून नुसता भांड्यांचा आवाज यायला लागला, आणि आम्हा भावंडांना त्याची भीती वाटायची. गल्लीतल्या पाच-सहा बायका रोज दिवेलागणीला एकीच्या ओट्यावर बसून हरिपाठ म्हणायच्या. आई त्यांच्यात कधीच नव्हती. तेरावा झाल्यावर त्या आमच्या ओट्यावर येऊन बसायला लागल्या. आईला कुणी बाहेर बोलावलं नाही, "तूही म्हण" असं कुणी म्हणालं नाही. हरिपाठ झाला की उठून घरी. पावसाळ्यात डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन आल्या, पण आल्या. असं जवळजवळ दीड वर्ष चाललं. मग एका संध्याकाळी, मधल्याच एका चरणाला, आतून आईचा आवाज आला, घोगरा, सूर चुकलेला. ओट्यावरच्या एकीनंही मान वळवून पाहिलं नाही. त्यांनी पुढचा चरण घेतला.

आईचा देव तिचा एकटीचाच होता, पण त्या दीड वर्षात तो तिच्या हाती लागत नव्हता. तेवढा काळ त्या बायकांनी तो तिच्यासाठी धरून ठेवला. उद्या तुमची पणती विझली, तर असं कोण येऊन बसेल? घाबरवायला विचारत नाही. बाळ गेलं तेव्हा तुमच्याकडे असं कुणी नव्हतं, उलट ज्यांनी यायचं त्यांनीच बोल लावला. म्हणून ही गोष्ट तुम्हाला इतरांपेक्षा जास्त कळेल.

त्यासाठी नवा सत्संग धरा असं मी अजिबात सांगत नाही. दोन माणसं पुरतात. पहाटेची ती वेळ आठवड्यातून एकदा एखाद्या मैत्रिणीबरोबर घालवा, तिच्या धर्माची चौकशी न करता. किंवा त्या वेळेला हाताचं काही काम जोडा. मुंबईत १८६७ साली प्रार्थना समाज निघाला. त्या मंडळींनी मूर्ती सोडली, भटजी सोडले, तुकोबांचे अभंग तेवढे ठेवले, आणि नुसती उपासना करून ते घरी बसले नाहीत. कामगारांसाठी रात्रीच्या शाळा, पंढरपूरला टाकून दिलेल्या मुलांचा आश्रम हे सगळं त्यातूनच उभं राहिलं. त्याच समाजाचे प्रचारक असलेल्या विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ साली अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी वेगळी संस्थाच काढली. न मागणारा देव मानणाऱ्याला हे सुचलं नसतं. तुमच्या हातून एवढं मोठं काही व्हायला हवं असं नाही. तुम्हाला हिशेब येतो. तुमच्या इमारतीत घरकाम करायला येणाऱ्या बायकांची बँकेची पासबुकं कोण बघून देतं?

मुलीचं लगेच सांगते, कारण ते सोपं आहे. २०१४च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं होतं. अर्ज करणारे येशूला मानणारे होते, पण स्वतःला ख्रिस्ती किंवा दुसऱ्या कुठल्याही धर्माचं म्हणवून घ्यायला तयार नव्हते. राजपत्रात 'धर्म नाही' अशी नोंद त्यांनी मागितली आणि ती नाकारली गेली होती. न्यायालयानं सांगितलं, की राज्यघटनेच्या २५व्या कलमातल्या सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात कुठलाच धर्म न सांगण्याचं स्वातंत्र्यही येतं, आणि धर्म सांगण्याची सक्ती सरकारला कुणावर करता येणार नाही. देव मानणं आणि रकाना भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या निकालात मला फार स्पष्ट दिसलं. २०११च्या जनगणनेत सुमारे २८ लाख ६७ हजार जणांच्या नावापुढे धर्म सांगितलेलाच नाही, तेव्हा तुमची लेक एकटी नाही. फक्त तिला जातीच्या दाखल्यावर काही सवलत घ्यायची असेल, तर अर्जात काय लिहायचं ते आधी जाणकाराला विचारा. तिथे घाईनं नुकसान होतं.

आणि ती तुम्हाला "सोयीचं" म्हणते ना, तिच्यावर रागावू नका. सहा वर्षांपूर्वी ती अकरा-बारा वर्षांची होती. आई एका रविवारी सत्संगाहून लवकर घरी आली आणि पुन्हा गेली नाही, एवढंच तिनं पाहिलंय. त्या दिवशी तिथे काय झालं, हे तुम्ही तिला कधी सांगितलंत का? पत्रावरून तरी सांगितलेलं वाटत नाही. तिला बसवून सगळं सांगा, बाळाबद्दलही. ते तिचंही भावंड होतं. मग ती आस्तिक होते की नास्तिक, ते तिच्यावर सोडा. पणतीजवळ उभं राहायला तिला बोलावू नका, पण ती पाणी प्यायला आली तर बोलणं थांबवूही नका.

राहिले टाक. इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

भावजींचा निरोप मी दोनदा वाचला. भोवेल, कोप होईल, ही भाषा तुम्हाला ओळखीची वाटली असेल, सत्संगातल्या त्या बाईंचीच आहे ती. तिला भुलू नका. भीतीपोटी एकही नैवेद्य करू नका. खंडोबाचं षड्‌रात्र, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून चंपाषष्ठीपर्यंतचे सहा दिवस घट, दिवटी-बुधली, बाजरीचे रोडगे, वांग्याचं भरीत, तळी भरायला पाच जण, हे सगळं लोकल पकडून नोकरीला जाणाऱ्या बाईनं एकहाती करायचं म्हणजे शेवटी त्या देवाचाच राग यायला लागतो. मी अशी घरं पाहिली आहेत. त्यापेक्षा मनापासून एकच गोष्ट करा, बाकीच्या भाऊकीत कुणी उचलत असेल तर त्यांना उचलू द्या.

पण टाक म्हणजे केवळ कुलाचाराचं ओझं नसतं. तुम्ही ते शेवटचे जवळून कधी पाहिलेत? लग्नानंतर जेजुरीला गेलात तेव्हा ताम्हनात ठेवून पायरीपायरीनं वर नेले असतील, देवाच्या भेटीला. अंगठ्याएवढे पत्रे, पिढ्यान्‌पिढ्या चिंचेनं, राखेनं घासून गुळगुळीत झालेले. घोड्यावरचा खंडोबा इतका झिजलेला असतो, की नवख्याला नुसता उंचवटा दिसतो. कुठली म्हाळसा, कुठली बाणाई, ते सांगता येत नाही. एखादा टाक वीराचा असतो, घरातल्याच कुणा मेलेल्या माणसाचा, त्याचं नावही आता कुणाला येत नसतं. तुमच्या देवाला मूर्ती नाही, ठीक आहे. पण या पत्र्यांवर त्या घरातल्या बायकांची बोटं उमटली आहेत. नदीत सोडून मोकळं व्हायचं मनात आलं असेल, तर निदान एवढ्यात तसं करू नका.

आणि आता जे मला सगळ्यात जास्त खटकलं ते. निरोप भावजींचा आला. जाऊबाईंचा नाही. २६ वर्षं ज्या हातांनी ते टाक धुतले, पुसले, भंडाऱ्यानं माखले, त्या हातांना कुणी विचारलं का, की तुला द्यायचे आहेत का? गुडघे गेले म्हणून खाली बसवत नसेल. पण देव्हारा कंबरेएवढ्या उंचीवर, भिंतीतल्या फळीवर घेतला तर त्या अजूनही करू शकतील, हे कुणाच्या लक्षात आलं नसेल. किंवा त्या खरोखरच थकल्या असतील आणि सुटका झाली तर त्यांना हवीच असेल. हे तुम्हाला भावजींकडून कळणार नाही, ओट्यापाशी उभं राहूनही कळणार नाही.

तुमच्या देवानं इतक्या वर्षांत काही मागितलं नाही म्हणता. मला वाटतं, त्यानं आता मागितलंय, आणि भावजींच्या निरोपातून ते येताना शब्द तेवढे बदलले आहेत.

म्हणून एखाद्या शनिवारी जुन्नरला जा. यजमानांना बरोबर घेऊन नका जाऊ, दोन भाऊ समोर बसले की गोष्ट वाटणीवरच जाईल. मुलगी येत असेल तर तिला न्या. फोन जाऊबाईंना करा, भावजींना नाही. चार वर्षांनी काय बोलायचं हे सुचलं नाही तर एवढंच म्हणा, "वहिनी, टाकांचं कसं करता ते दाखवा. मला काही येत नाही." हे खरंच आहे, त्यामुळे बोलायला जड जाणार नाही. त्या बोलणं टाळतील, कदाचित पहिला तासभर टोचून बोलतील. बसून राहा. तुम्हाला रोज पहाटे ऐकणारं कुणी होतं, त्यांना या चार वर्षांत कुणी होतं की नाही, आपल्याला माहीत नाही.

मग ताम्हन पुढे घेऊन शेजारी बसा. कुठला टाक कुणाचा, हे त्या न बघता, नुसतं बोटानं चाचपून सांगतील. लिहून घ्या. वही घेऊन जा. त्या "मीच करते अजून" म्हणाल्या, तर सुताराला बोलावून देव्हारा वर घ्या आणि टाक तिथेच राहू द्या. "घेऊन जा" म्हणाल्या, तर भंडारा त्यांच्याच हातानं लावून घ्या, आणि येताना टाक पंच्यात गुंडाळून मांडीवर ठेवा. गाडीच्या डिकीत ठेवू नका.